विदुराचा गुन्हा

महाभारताच्या आदिपर्वातील जतुगृहाचा प्रसंग गेल्या सत्रात आमच्यापैकी एकाने एम. ए.च्या वर्गात शिकविला. वारणावतात लाखेचे घर बांधून पांडवांना त्यात जाळावे हा दुर्योधनाचा बेत; त्यांना तिकडे धाडण्यास धृतराष्ट्राची संमती; आणि पुरोचन हा कार्यवाहीचा अधिकारी. बेत अर्थातच गुप्त. हस्तिनापूरचा मंत्री असलेल्या विदुराने तो ओळखला आणि पांडव निघताना, भोवतालच्यांना कळू नये अशा भाषेत, युधिष्ठिराला सांगून टाकला. पुढे भुयार खणायला माणूसही पाठविला. वर्गात प्रश्न टाकला : विदुराचे करणे योग्य की अयोग्य? सगळ्यांनी एकमुखाने योग्य म्हटले. मग दुसरा प्रश्न टाकला : आज मंत्रालयातल्या एखाद्या अधिकाऱ्याने फाईलमधला मजकूर असाच बाहेर दिला तर? वर्ग गप्प झाला. मागच्या बाकावर स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा एक हुशार विद्यार्थी बसतो. तो म्हणाला, "सर, तो गुन्हा आहे. त्याने आधी राजीनामा द्यायला हवा होता."

राजीनामा दिलेल्या विदुराला लाक्षागृहाची बातमी कळली असती का, हा आमचा तिसरा प्रश्न तास संपल्यामुळे राहून गेला. पण स्टाफरूममध्ये तो पुढे कितीतरी दिवस चालला आणि त्यातूनच हा लेख आम्ही मिळून लिहीत आहोत.

या विषयावर बोलताना आपल्याकडे एक ठरीव वाक्य वापरले जाते : राष्ट्राची सुरक्षितता आणि शासनाचे उत्तरदायित्व यांचा समतोल साधला पाहिजे. वाक्य इतके निरुपद्रवी आहे, की निबंधस्पर्धेत त्याला हमखास गुण मिळतात. आमचा आक्षेप या वाक्यालाच आहे. तराजूत दोन पारडी असतात हे खरे. पण तराजू कोणाच्या हातात आहे, हा प्रश्न या वाक्यात कुठेच नाही. ज्याच्याकडे हिशेब मागायचा, त्याच्याच हाती तराजू, वजने आणि दुकानाची किल्ली असेल, तर समतोलाची भाषा ही गिऱ्हाइकाची समजूत घालण्याची भाषा होय. राज्याला गुपिते असूच नयेत, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. गुपित कोणते हे ज्याला त्यापासून लाभ होतो त्यानेच ठरवावे, किती काळाकरिता हेही त्यानेच ठरवावे आणि ते उघड करणाऱ्याला आपली बाजू मांडायला जागाच नसावी, या व्यवस्थेविरुद्ध आमचे म्हणणे आहे.

आम्ही भाषेचे अध्यापक, म्हणून शब्दांपासून आरंभ करतो. मराठीत गुपित 'फुटते'. पेपर फुटतो, धरण फुटते, आमदारही फुटतात. या क्रियापदात काहीतरी मोडल्याचा, सांडल्याचा, हानीचा भाव आहे. जे बाहेर आले ते मुळात होते काय, हे विचारायची सोय त्यात नाही. पण याच धातूची दुसरी कुळीही मराठीत नांदते. ढोंग्याचे 'बिंग फुटते' आणि अन्यायाला 'वाचा फोडतात'. आपल्या पूर्वजांना दोन्ही अनुभव होते आणि दोहोंसाठी त्यांनी एकच क्रियापद वापरले. फरक काय फुटले यावर अवलंबून ठेवला. 'गोपनीय' या शब्दाचेही तसेच. 'गुप्' धातूचा अर्थ लपविणे तसाच राखणे, रक्षण करणे. म्हणजे फाईलवर 'गोपनीय' असा शिक्का दिसला, की कोणाचे रक्षण, हा प्रश्न व्याकरणानेच उपस्थित केलेला आहे. सीमेवरच्या जवानाचे, की खरेदीच्या कागदावर सही करणाऱ्याचे? शिक्का दोन्हीकडे एकच, शाईही तीच.

आता हा शिक्का आला कोठून ते पाहू. १८८९ च्या ऑक्टोबरात कलकत्त्याच्या 'अमृत बझार पत्रिके'ने काश्मीरविषयीचे परराष्ट्र खात्यातील एक गुप्त टिपण छापले. काश्मीरच्या महाराजांना कारभारातून दूर सारण्यामागे सरकारचे खरे हेतू काय, याची चर्चा त्यामुळे उघड्यावर आली. त्याच महिन्यात हिंदुस्थान सरकारने शासकीय गुपितांविषयीचा कायदा संमत केला. विलायतेत असा कायदा त्याच वर्षी झालेला होता, त्याचाच हा इकडचा अवतार. देशात एक कागद फुटला आणि महिना उलटायच्या आत कायदा उभा राहिला. सरकारी कामाला उशीर होतो असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

कर्झनला तेवढ्याने समाधान नव्हते. १९०३ साली त्याच्या सरकारने दुरुस्तीचे विधेयक आणले. तोवर कायद्याचा रोख प्रामुख्याने लष्करी व आरमारी गुपितांवर होता. आता मुलकी कारभारही त्याच्या कक्षेत ओढायचा होता. वरिष्ठ कायदे मंडळात या विधेयकाला कसून विरोध करणाऱ्या हिंदी सभासदांत गोपाळ कृष्ण गोखले होते. फर्ग्युसन महाविद्यालयातून निवृत्त होऊन त्यांना जेमतेम वर्ष-दोन वर्षे झाली होती. म्हणजे ते आमच्याच पेशातले. त्यांच्या युक्तिवादाचा गाभा असा : ज्या देशात सरकार प्रजेला उत्तरदायी नाही, तेथे वृत्तपत्रांची नजर हाच सत्तेवरचा एकुलता एक धाक आहे, मुलकी कारभाराची माहिती बाहेर येणे हाच गुन्हा ठरविला, तर तो धाकही जाईल. गोखल्यांना आपण मवाळ म्हणतो. सरकारी आकडेवारीचा आदर करणारा, शब्द जपून वापरणारा माणूस. असा माणूस ज्या विधेयकापुढे इतका ठाम उभा राहिला, त्या विधेयकात काही गंभीर असले पाहिजे. सरकारी बहुमतापुढे विरोध चालला नाही आणि १९०४ साली कायदा झाला. पुढे १९२३ साली सगळे एकत्र करून नवा कायदा आला, तो 'शासकीय गुपिते अधिनियम'. आजही देशात लागू आहे तो हाच.

गोखल्यांच्या युक्तिवादातली एक अट स्वातंत्र्यानंतर बदलली, हे मान्य. आता सरकार आपण निवडतो. पण म्हणून कायद्याचे समर्थन होत नाही, उलट तो अधिकच विसंगत ठरतो. परक्या सरकारने प्रजेपासून कागद लपवावेत यात निदान तर्क होता. प्रजेने निवडलेल्या सरकारने तेच कलम, त्याच शब्दांत, प्रजेवर चालवावे याला तर्क कोणता?

हे कलम पाचवे. एका पानात मावते, जिज्ञासूंनी ते मुळातून वाचावे. पदामुळे हाती आलेली गुप्त माहिती अनधिकृत व्यक्तीला देणारा गुन्हेगार. आणि ती अशी आहे हे ठाऊक असून घेणाराही गुन्हेगार. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. कायद्यात पुष्कळ शब्दांच्या व्याख्या दिल्या आहेत, पण 'गुप्त' या शब्दाची व्याख्या नाही. ज्या शब्दावर माणसाचे स्वातंत्र्य टांगलेले, तोच अर्थाविना. आमच्या एखाद्या विद्यार्थ्याने प्रबंधातील मध्यवर्ती संज्ञेची व्याख्या न करता चारशे पाने लिहिली, तर आम्ही प्रबंध परत पाठवितो. शंभर वर्षे झाली, हा प्रबंध कोणी परत पाठविलेला नाही.

प्रबंधाचा उल्लेख निघालाच आहे, तर कॅप्टन बी. के. सुब्बाराव यांची गोष्ट सांगितली पाहिजे. नौदलातला हा अभियंता अधिकारी. त्यांनी मुंबईच्या आय. आय. टी.ला अणुभट्टीविषयक विषयावर पीएच. डी.चा प्रबंध सादर केला होता. १९८८ साली अमेरिकेला निघाले असता मुंबईच्या विमानतळावर त्यांना अटक झाली. सामानात सापडलेल्या कागदांत हा प्रबंध होता, आणि देशाची गुपिते बाहेर नेल्याचा आरोप त्यांच्यावर आला. विद्यापीठीय पदवीसाठी केलेले लेखन गुपित ठरले. दीड वर्षाहून अधिक काळ ते तुरुंगात होते. १९९१ साली मुंबई उच्च न्यायालयाने त्यांना दोषमुक्त केले. जो प्रबंध परीक्षकांनी वाचला तो शत्रूच्या उपयोगाचा कसा, हे ठरवायला तीन वर्षे लागली.

दुसरे उदाहरण इफ्तिखार गिलानी यांचे. 'काश्मीर टाइम्स'च्या दिल्ली कार्यालयाच्या या प्रमुखाला २००२ च्या जूनमध्ये याच कायद्याखाली अटक झाली. त्यांच्या संगणकात काश्मीरमधील सैन्यबळाची माहिती असलेला मजकूर सापडला. तो पाकिस्तानातील एका संस्थेने छापलेल्या पुस्तिकेतला होता आणि इंटरनेटवर कोणालाही वाचता येत होता. पाकिस्तानात प्रसिद्ध झालेली माहिती पाकिस्तानला कळेल, या भयाने भारतातला पत्रकार सात महिने तिहारमध्ये राहिला. आधी लष्करी गुप्तवार्ता विभागाने ही माहिती शत्रूला उपयुक्त असल्याचे मत दिले. मग ते मत फिरविले. आणि २००३ च्या जानेवारीत खटला मागे घेण्यात आला. दोन्ही मते देणारा विभाग एकच होता. तराजू कोणाच्या हातात, असे आम्ही वर विचारले ते याकरिता.

येथे प्रतिपक्षाचे म्हणणे ऐकले पाहिजे, आणि ते हलके नाही. २६ नोव्हेंबर २००८ नंतरचे तीन दिवस आठवावेत. ताज, ओबेरॉय, नरिमन हाऊस येथील कारवाई वाहिन्यांनी घरोघरी थेट दाखविली, आणि सीमेपलीकडून अतिरेक्यांना फोनवर सूचना देणारे तीच दृश्ये पाहत होते. कसाबच्या खटल्यात २९ ऑगस्ट २०१२ रोजी निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने वाहिन्यांना यासाठी खडे बोल सुनावले, ते योग्यच होते. कमांडो कोणत्या गच्चीवर उतरत आहेत हे त्या घटकेला जाणून घेण्याचा अधिकार कोणाही नागरिकाला नव्हता. तसेच १९८५ साली दिल्लीत उघडकीला आलेले कुमार नारायण प्रकरण. पंतप्रधानांच्या कार्यालयातल्या कागदांच्या प्रती पैशासाठी परकीयांकडे जात होत्या. प्रधान सचिव पी. सी. अलेक्झांडर यांचा स्वतःचा त्यात हात नव्हता. पण आपल्या कार्यालयातली माणसे त्यात सापडली म्हणून त्यांनी पद सोडले. हेच अलेक्झांडर पुढे महाराष्ट्राचे राज्यपाल झाले. असे कागद विकणाऱ्याला आम्ही जागल्या म्हणणार नाही.

आणि महाभारतच प्रमाण धरायचे, तर तेही अर्धे सांगून चालणार नाही. लाक्षागृहाला आग लागली त्या रात्री एक निषाद स्त्री आणि तिचे पाच मुलगे आत झोपले होते. पांडव भुयारातून निसटले. ती सहा माणसे जळाली आणि त्यांच्या कलेवरांमुळे कौरवांची खात्री पटली. विदुराने सांगितलेल्या गुपिताचा शेवट असा आहे. त्यात विदुराचा दोष नाही. परंतु गुपित बाहेर पडल्यावर त्याची झळ ज्यांचे नावही कथेत नाही अशांना पोचू शकते, हे व्यासांनी लपविलेले नाही. तेव्हा गुपित फोडणारा प्रत्येकजण आपोआप पुण्यवान, असा सोपा सिद्धान्त आम्हांलाही मांडता येणार नाही.

पण वरची दोन्ही उदाहरणे नीट पाहिली, तर ती आमच्याच बाजूने बोलतात. मुंबईच्या प्रसंगी हानी प्रत्यक्ष होती, तत्काळ होती आणि दाखविता येत होती. शिवाय कारवाई संपताच ते गुपित संपले. कौटिल्याने मंत्ररक्षणासाठी पाखरांनाही जवळ येऊ देऊ नये म्हटले आहे, पोपट-मैनांनी मसलती फोडल्याचा दाखला दिला आहे. पण त्याचीही चिंता कार्याची वेळ येईपर्यंतची. कार्य होऊन गेल्यावर, त्यात माणसे मेल्यावर आणि चूक कोणाची हे विचारण्याची वेळ आल्यावर मसलत दडवून ठेवावी, हे कौटिल्याचे नव्हे, आमच्या सचिवालयाचे अर्थशास्त्र आहे.

हेंडरसन ब्रूक्स अहवालाइतके त्याचे ठळक उदाहरण दुसरे नाही. हिमालयाच्या हाकेला सह्याद्री धावून गेला, हे वाक्य महाराष्ट्रातल्या आमच्या पिढीने शाळेत ऐकलेले आहे. १९६२ च्या नोव्हेंबरात यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले. पराभवाच्या लष्करी कारणांची चौकशी लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रूक्स आणि ब्रिगेडियर भगत यांनी केली. २ सप्टेंबर १९६३ रोजी चव्हाणांनी लोकसभेत निष्कर्षांचा सारांश सांगितला. अहवाल पटलावर ठेवला नाही. त्या वेळी ते समजण्यासारखे होते, युद्धाला वर्षही झालेले नव्हते. पण त्याला आता साठ वर्षे उलटून गेली. २०१० मध्येही सरकारने संसदेत हा अहवाल अद्याप संवेदनक्षम असल्याचे उत्तर दिले. २०१४ साली त्याचा मोठा भाग नेव्हिल मॅक्सवेल यांनी इंटरनेटवर ठेवला, तो जगाने वाचला. चिनी वाचकालाही त्याला अडथळा नाही. भारत सरकारने मात्र तो अजून भारतीयांना दिलेला नाही. त्या बर्फात ज्यांचे आजोबा राहिले, त्यांच्या नातवाला आपला माणूस कोणाच्या चुकीने गेला हे आपल्या सरकारकडून कळत नाही.

याच्या शेजारी कारगिल समितीचा अहवाल ठेवून पाहावा. के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखालील समितीने युद्ध संपल्यावर काही महिन्यांत काम पुरे केले. सुरक्षिततेच्या दृष्टीने काही मजकूर गाळून अहवाल २००० साली संसदेपुढे आला आणि पुस्तकरूपानेही निघाला. गुप्तवार्ता यंत्रणांच्या उणिवा त्यात मांडलेल्या होत्या. त्याने देश दुबळा झाला काय? उलट त्यावरच पुढच्या सुधारणांची चर्चा उभी राहिली. लपवायचे तेवढे लपवून बाकीचे सांगता येते, हे आपल्याच देशाने, आपल्याच युद्धाविषयी करून दाखविले आहे.

राफेलच्या कागदांचे प्रकरण बहुतेकांच्या स्मरणात असेल. २०१९ च्या फेब्रुवारीत 'द हिंदू'ने संरक्षण खात्यातील टिपणे छापली. पंतप्रधान कार्यालय समांतर वाटाघाटी करीत असल्याबद्दल खात्यातच नोंदविलेला आक्षेप त्यांत होता. ६ मार्चला महान्यायवादींनी सर्वोच्च न्यायालयात कागद चोरीला गेल्याचे सांगितले आणि शासकीय गुपिते अधिनियमाचा उल्लेख केला. दोनच दिवसांनी मूळ कागद नव्हे, त्यांच्या छायाप्रती वापरल्या गेल्या, असा खुलासा आला. १० एप्रिलला तिन्ही न्यायमूर्तींनी सरकारचा प्राथमिक आक्षेप फेटाळला. 'गुप्त' म्हणून शिक्का असलेले कागद छापण्यास वा न्यायालयापुढे ठेवण्यास मनाई करण्याचा अधिकार या कायद्याने सरकारला दिलेला नाही, असे न्यायालयाने सांगितले. पुढे नोव्हेंबरमध्ये त्याच न्यायालयाने फेरविचार याचिका फेटाळल्या, हेही नमूद केले पाहिजे. व्यवहारात गैर होते की नव्हते, हा आमचा विषय नाही. आमचा मुद्दा एवढाच, की कागद वाचून मग याचिका फेटाळणे आणि कागद वाचूच न देणे यांत लोकशाहीचे सगळे अंतर सामावलेले आहे.

आता या सरकारी गुप्ततेची दुसरी बाजू पाहू. सत्येंद्र दुबे हा तरुण अभियंता सुवर्ण चतुष्कोन महामार्गाच्या बिहारमधील कामावर होता. कामातील भ्रष्टाचाराचे पत्र त्याने २००२ च्या नोव्हेंबरात पंतप्रधानांच्या कार्यालयाला लिहिले आणि नाव गुप्त ठेवण्याची विनंती केली. पत्र नावासकट या टेबलावरून त्या टेबलावर फिरले आणि ज्या प्राधिकरणाविषयी तक्रार होती तेथवर पोचले. २७ नोव्हेंबर २००३ च्या पहाटे गयेत त्याचा गोळी घालून खून झाला. पुढे खटल्यात लुटीच्या हेतूने खून केल्याबद्दल तिघांना शिक्षा झाली. पत्राचा आणि खुनाचा संबंध न्यायालयात जोडला गेला नाही, म्हणून आम्हीही तो जोडत नाही. परंतु पत्राचा प्रवास तर निर्विवाद आहे. साठ वर्षांपूर्वीचा अहवाल प्राणपणाने जपणाऱ्या शासनाला एका माणसाचे नाव जपता आले नाही. या गुपितभंगाबद्दल शासकीय गुपिते अधिनियमाची आठवण मात्र कोणाला झाली नाही.

दुबे यांच्या मृत्यूनंतर ओरड झाली, सर्वोच्च न्यायालयाने लक्ष घातले, २००४ साली सरकारने एक ठराव काढला. जागल्यांच्या संरक्षणाचा कायदा व्हायला २०१४ उजाडले. राष्ट्रपतींची सही झाली, राजपत्रात छापला गेला. पण तो अमलात आणणारी अधिसूचना निघालेली नाही. उलट २०१५ साली त्यात दुरुस्तीचे विधेयक आले : शासकीय गुपिते अधिनियमाखाली मोडणारी माहिती तक्रारीतही देता येऊ नये! लोकसभेने ते संमत केले, राज्यसभेत अडकले आणि २०१९ मध्ये लोकसभेबरोबर विरले. मधल्या काळात, १३ जानेवारी २०१० रोजी, तळेगाव दाभाडे येथे सतीश शेट्टी सकाळी फिरायला गेले असताना मारले गेले. माहितीच्या अधिकारातून जमीन व्यवहार उजेडात आणणारा हा माणूस. त्याने तर काही फोडलेही नव्हते, कायद्याने मागितले होते. 'जागल्या' हा आपल्या गावगाड्यातला शब्द. गाव झोपले असता जागणारा. आपण शब्द ठेवला आणि माणसाला अंधारात एकटे सोडले.

सुधारणेचा मार्ग अज्ञात आहे असे नाही. १९७१ साली विधी आयोगाने, केवळ शिक्का आहे म्हणून कायदा लागू होऊ नये, अशा आशयाचा विचार मांडला. १९७५ च्या राज नारायण खटल्यात न्या. मॅथ्यू यांनी सार्वजनिक कारभार जाणण्याचा जनतेचा हक्क स्पष्ट केला. २००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्यात, कलम ८ च्या दुसऱ्या पोटकलमात, शासकीय गुपिते अधिनियमात काहीही असले तरी हानीपेक्षा लोकहित मोठे असेल तर माहिती देता येईल, असे लिहिले गेले. २००६ साली वीरप्पा मोइली यांच्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने हा अधिनियम रद्द करून आवश्यक तेवढा भाग राष्ट्रीय सुरक्षेच्या कायद्यात घ्यावा, अशी शिफारस केली. ज्यांच्याकडून आपण कायदा घेतला त्या ब्रिटनने १९८९ साली आपले सरसकट कलम मोडीत काढले. त्याआधी चार वर्षे, 'बेलग्रानो' ही अर्जेंटिनाची युद्धनौका बुडविल्याविषयीचे कागद एका खासदाराला देणाऱ्या क्लाइव्ह पाँटिंग या अधिकाऱ्याला ज्यूरीने निर्दोष ठरविले होते. ब्रिटनचा नवा कायदाही उदार नाही. पण निदान कोणत्या प्रकारची माहिती, हे तो सांगतो. आपल्याकडे २०२३ साली वसाहतवादाच्या खुणा पुसण्याच्या घोषणेसह दंडसंहिता बदलल्या. गुपितांचा १९२३ चा कायदा त्या पुसणीतून सुटला. सत्तेवर कोणताही पक्ष येवो, ही खूण त्याला खुपत नाही.

आमचे मागणे चार वाक्यांत सांगता येईल. गुपिताची व्याख्या शिक्क्याने नव्हे, संभाव्य हानीने व्हावी, आणि ती हानी सरकारने सिद्ध करावी. प्रत्येक गुपिताला मुदत असावी. मुदतीविषयी आणि हानीविषयी निवाडा त्या खात्याबाहेरच्या कोणीतरी करावा. आणि ज्याने लोकहितासाठी माहिती दिली, त्याला न्यायालयात तसे म्हणण्याचा, ते सिद्ध करण्याचा हक्क असावा. त्याच्यावरही बंधन हवे, हे आम्ही मानतो. १९७१ साली व्हिएतनाम युद्धाचे सात हजार पानांचे कागद बाहेर देणाऱ्या डॅनियल एल्सबर्ग यांनी वाटाघाटींसंबंधीचे चार खंड वृत्तपत्रांना दिले नाहीत. शांततेच्या बोलण्यांत त्यांनी विघ्न येऊ नये म्हणून. जो विवेक त्या एकट्या माणसाने दाखविला, तो आम्ही आमच्या कायद्याकडे मागतो आहोत.

आता थोडे स्वतःविषयी, कारण गुप्ततेची ही सवय दिल्लीतच असते असे नाही. गुपिते कशी राखावीत हे अध्यापकांना चांगले कळते. प्रश्नपत्रिकेचे पाकीट आम्ही साक्षीदारांच्या सह्या घेऊन फोडतो. त्याआधी ती फुटली तर शेकडो मुलांचे नुकसान होते. पण परीक्षा सुरू झाली की तीच प्रश्नपत्रिका प्रत्येकाच्या हाती असते आणि आठवड्याभरात झेरॉक्सच्या दुकानात संच म्हणून मिळते. कारण ठरलेले, मुदत ठरलेली. गुपित असे असावे.

दुसरीही एक आठवण आहे, ती सांगायला जड जाते. काही वर्षांपूर्वी एका महाविद्यालयात आम्ही काम करीत असता कार्यालयातल्या एका लेखनिकाने आम्हांला एक अहवाल दाखविला. वसतिगृहाच्या इमारतीची तपासणी झाली होती आणि एका बाजूचा स्लॅब वापरास धोकादायक असल्याचे अभियंत्याने लिहिले होते. वर तांबड्या शाईत 'गोपनीय'. लेखनिक म्हणाला, "सर, मला काही बोलता येत नाही, तुम्ही तरी बघा." आम्ही वाचले, घडी घातली आणि कागद परत दिला. वरिष्ठांना कळले असेलच, ते पाहतील, अशी एकमेकांची समजूत घातली. पुढच्या मे महिन्यात त्या बाजूचा तुकडा कोसळला. सुट्टी होती, खाली कोणी नव्हते. लेखनिक नंतर आमच्याशी पूर्वीसारखा बोलला नाही.

त्या दिवशी आम्हांला कोणताही कायदा आडवा आला नव्हता. आडवी आली ती नोकरी, आणि कुरुसभेत बसून सारे पाहणाऱ्या भीष्मांची ती सवय, जिला आपण निष्ठा म्हणतो. भीष्मांवर आपल्याकडे व्याख्याने होतात; विदुर मात्र दासीपुत्र म्हणून कडेला. म्हणून त्या मागच्या बाकावरच्या विद्यार्थ्यावर आम्हांला रागावता येत नाही. उद्या तो परीक्षा उत्तीर्ण होईल, खुर्चीत बसेल, त्याच्या पुढ्यात एखादी फाईल येईल, आणि आम्ही जे केले तेच तो करील, कारण आम्ही त्याला तेच शिकविले.

असो. यंदाच्या सत्रात जतुगृहाच्या तासाला आम्ही कलम पाच आणि माहितीच्या अधिकाराचे कलम आठ यांच्या मराठी प्रती वर्गात वाटणार आहोत, आणि राहून गेलेला तिसरा प्रश्न विचारणार आहोत. आपण अध्यापक असाल तर आपल्या वर्गातही विचारून पाहा. आणि तास संपायच्या आत विचारा.